नेदोचा उलटा फेरा

नेदो फानुक्की आयुष्यात कधी चुकीच्या दिशेने गेला नाही, असं तो स्वतःच सांगत असे, आणि त्याच्याशी वाद घालायला लागतो तेवढा वेळ इटलीतल्या आमच्या लुक्का गावात कोणाजवळ नव्हता. वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी सायकलच्या पंपासारखी, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही हा बाणा. गावाभोवती रस्त्याएवढा रुंद तट आहे, त्याच्या एलिसा दरवाजाच्या आतल्या अंगाला त्याचं सायकलींचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्याने पाहुण्यांना सायकली भाड्याने दिल्या आणि प्रत्येक सायकलीबरोबर न मागितलेला सल्ला फुकट दिला.

"तटावर चढा. गाव डाव्या हाताला ठेवा. काळीज ज्या बाजूला, गाव त्या बाजूला. गाव उजव्या हाताला ठेवून फिरतात ते पिसाचे लोक."

दारात पिसाचा माणूस येण्यापेक्षा घरात मढं पडलेलं बरं, असं आमच्याकडे म्हणतात. पिसा आगगाडीने अर्ध्या तासावर आहे. मधे देवाने एक डोंगर ठेवलाय म्हणून निभावतं. नेदोने पिसात उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. पाहुणे तिथला तो कललेला मनोरा बघून आमच्याकडे यायचे, तेव्हा नेदो सायकल हातात देण्याआधी ती सरळ उभी राहते हे त्यांना दोनदा दाखवायचा.

त्याला मित्र एकच, इलिओ लेन्चोनी. पहिलीच्या वर्गापासूनचा. इलिओ पोस्टात होता. तीस वर्षं गावातल्या गल्लीगल्लीत पत्रं वाटली, त्यामुळे गावातले सगळे रस्ते आपण स्वतः आखले आहेत असा त्याचा समज झालेला. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, सांतान्ना दरवाजाजवळ. एलिसा दरवाजा पूर्वेला, सांतान्ना पश्चिमेला. रोज संध्याकाळी इलिओ अख्खं गाव आडवं ओलांडून नेदोच्या दुकानाशी यायचा, आणि सहाच्या ठोक्याला दोघं तटावर चढून एक फेरा मारायचे. चार किलोमीटर आणि वर थोडं, बरोब्बर एक तास. इलिओ नेदोकडे यायचा. नेदो इलिओला आणायला कधी गेला नाही. हे दोघांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी मात्र फेऱ्यातून मधेच इलिओच्या घराशी उतरायचं, कारण गुरुवारी इलिओची बायको आर्जिया तोर्देल्ली करायची. पास्त्याच्या पारीत खिम्याचं सारण भरलेले, अर्धचंद्रासारखे, कडा काट्याने दाबलेले, आणि वर पुन्हा खिम्याचाच रस्सा. नेदोने लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "वेळ कुठे मिळाला?" आठवड्यातून एकदा कोणीतरी आपल्या ताटात बघून "अजून चार घे" म्हणतं, तेवढ्या संसारावर त्याने तीस वर्षं काढली.

आर्जिया मार्चमध्ये गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दोघांचं भांडण झालं.

भांडणाचं कारण डेन्मार्कचं एक म्हातारं जोडपं. नेदो आणि इलिओ एलिसा दरवाजाच्या वर, तटावरच्या बाकावर बसले होते. जोडप्याने नकाशा पुढे केला आणि विचारलं, "सांतान्ना दरवाजाला जवळचा रस्ता कोणता?"

"गाव डाव्या हाताला ठेवा," नेदो म्हणाला.

"उजव्या हाताला ठेवा," इलिओ म्हणाला. "चाळीस पावलं वाचतात."

"कोणी मोजली?"

"मी मोजली. तीस वर्षं पत्रं वाटलीत मी या गावात."

"पत्रांबरोबर अक्कलही वाटून बसलास मग."

आता, हे दोन दरवाजे समोरासमोर आहेत. तट गोल आहे. इकडून गेलं काय, तिकडून गेलं काय, अंतर तेवढंच, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण बालवाडीतलं पोर तिथे नव्हतं. आवाज चढले. बाजूच्या बाकांवरची माणसं आधी गप्प झाली आणि मग नीट ऐकू यावं म्हणून जवळ सरकली.

"नेदो," इलिओ शेवटी म्हणाला, "तू रस्ता सांगतोस तो पिसाच्या माणसासारखा!"

एका बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. नेदो उठून उभा राहिला. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच, त्या दिवशी लगामही राहिला नाही.

"आणि तुझ्या आर्जियाचे तोर्देल्ली खारट असायचे!"

इलिओने टोपी घातली आणि तो निघून गेला. डेन्मार्कचं जोडपं केव्हाच उतारावरून खाली उतरून, गावातून सरळ चालू लागलं होतं.

नऊ वर्षं झाली त्याला. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण फेरा कोणी सोडला नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. नेदो सहाला एलिसा दरवाजावरून चढायचा, इलिओ सहालाच सांतान्ना दरवाजावरून. भांडणात उजवी बाजू घेतलेला इलिओ चालायचा मात्र गाव डाव्या हाताला ठेवूनच. साठ वर्षांची सवय अशी एका भांडणाने जात नाही. दोघांची चाल सारखी, दिशा सारखी, वेळ सारखी. त्यामुळे एक एका टोकाला असला की दुसरा बरोबर दुसऱ्या टोकाला. नऊ वर्षं रोज एका तटावर फिरून त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

दोघांमधला दुवा एकच, लोरेदाना. दक्षिणेकडच्या बुरुजावर तिचा कॉफीचा बार आहे. सव्वासहाला इलिओ यायचा, उभ्या उभ्या कॉफी पिऊन जायचा. पावणेसातला नेदो यायचा, त्याच जागी, तीच कॉफी. इलिओला साखरेच्या पुडीच्या कागदाची छोटी होडी करायची खोड होती, शाळेपासूनची. लोरेदाना ती होडी उचलायची नाही. नेदो यायचा, होडी बघायचा, कॉफी प्यायचा, आणि जाताना कोणाचं लक्ष नाही असं बघून ती खिशात टाकायचा. लोरेदानाचं लक्ष नऊ वर्षं होतं. नेदोच्या घरी चपलांच्या खोक्यात होड्यांचं आरमार झालं होतं, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी नेदो बारमध्ये आला, तेव्हा लोरेदाना हात पुसत पुढे आली.

"नेदोकाका, ऐकलंत का? इलिओकाका रविवारी चालले."

"कुठे? डोंगरावर? जाऊ दे. ऑलिव्हला मोहर आलाय, बघेल."

"मुलीकडे चालले. कायमचे. घर रिकामं करतायत."

"मुलगी कुठे असते त्याची?"

लोरेदानाने दोन्ही हात गल्ल्यावर टेकवले. ही बातमी कशी सांगावी हे तिला कळेना. "बसा आधी," ती म्हणाली. "पिसाला."

नेदो बसला. नऊ वर्षांत त्या बारमध्ये तो पहिल्यांदाच बसला.

"त्याला सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"काही नाही."

"हेच तुमचं. अहो, दोन शब्द बोला ना त्यांच्याशी! जीभ झिजणार आहे का?"

"मी का बोलू आधी? त्याने मला काय म्हटलं ठाऊक आहे?"

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आणि तुम्ही काय म्हटलंत तेही."

नेदो उठला, होडी खिशात घातली, आणि निघाला. घरी जाऊन त्याने पावाचं सूप गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं. त्याला इलिओला एकच गोष्ट सांगायची होती. ती नऊ वर्षं घशात अडकून बसली होती. रविवारनंतर ती सांगायला पिसाला जावं लागणार होतं, म्हणजे ती तशीच अडकून राहणार होती. पण आपण होऊन जाऊन बोलायचं? छे. सहज, अचानक भेट झाली पाहिजे. तटावर चालता चालता इलिओने मागून यावं, आपण म्हणावं, "अरे, तू होय!" बस्स. यात कोणाचं नाक कापलं जात नाही.

मंगळवारी म्हणून तो हळू चालला. आपण हळू चाललो की इलिओ मागून येऊन गाठेल, असा साधा हिशेब. चर्चच्या मिरवणुकीत चालावं तसा तो पाऊल मोजून टाकत होता. बारमध्ये पोहोचायला त्याला साडेसात वाजले.

"इलिओ केव्हा गेला?" नऊ वर्षांत त्याने हे नाव पहिल्यांदा तोंडातून काढलं.

"आज तेही उशिरा आले. साडेसहा वाजले होते."

नेदोला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हणजे इलिओही मुद्दाम हळू चालतोय! त्यालाही आपण मागून येऊन गाठावं असं वाटतंय! बेट्याला मागे राहायचंय. ठीक आहे. मागे राहण्यात नेदो फानुक्कीला हरवणारा अजून जन्माला यायचाय.

बुधवारी नेदो इतका हळू चालला की तटावर गर्दी अडली. तीनचाकी सायकलवरची चिमुरडी त्याला मागे टाकून गेली आणि मागे वळून हसली. पांगुळगाडा घेतलेल्या एका आजी त्याच्या बाजूने गेल्या आणि म्हणाल्या, "धीर धर बाळा, होतं असं." औषधांच्या दुकानातल्या डॉक्टरीणबाई पळण्याचा व्यायाम करत होत्या, त्या थांबल्या आणि त्याची नाडी धरून उभ्या राहिल्या.

"छातीत दुखतंय का?"

"छातीत दुखायला काय झालंय? माणसाने हळू चालू नये?"

"चालावं. पण तुम्ही गेली दहा मिनिटं याच झाडाखाली आहात."

बारमध्ये तो पोहोचला तेव्हा लोरेदाना खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. इलिओही त्या दिवशी सातनंतरच येऊन गेला होता. दोघंही असे हळू चालत राहिले तर शनिवारपर्यंत दोन्ही दरवाजांवर एकेक पुतळा उभा राहील, असं लोरेदानाने त्याला सांगून टाकलं.

तेव्हा गुरुवारी नेदोने तो निर्णय घेतला. साठ वर्षांत घेतला नव्हता असा. सहाला तो तटावर चढला, इकडेतिकडे बघितलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गाव उजव्या हाताला ठेवून चालू लागला. उलटा! गोल रस्त्यावर दोघं समोरासमोर चालले तर भेट चुकणं शक्यच नाही. फार तर अर्ध्या तासात इलिओ समोरून येणार.

तटावर हाहाकार उडाला. नेदो ज्यांना आजवर पाठीवरून ओळखत होता, त्यांची तोंडं त्याला पहिल्यांदा दिसली. तपकिरी कोटवाला माणूस ही मुळात बाई होती. ज्या पाठमोऱ्या बाईवर तो चार वर्षं मनातून खूश होता, ती समोरून थेट त्याच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखी निघाली. लोक वाट सोडून बाजूला झाले. "काय हो, काही विसरलं का मागे?" कोणी विचारलं. "पिसाचा वारा लागला वाटतं!" दुसरा म्हणाला. नेदोने सगळं गिळलं आणि मान खाली घालून चालत राहिला. काळीज भलत्या बाजूला गेल्यासारखं वाटत होतं.

सव्वासहाला तो बारपाशी आला. लोरेदानाच्या हातातली बशी खाली पडता पडता राहिली.

"इलिओ?" नेदोने विचारलं.

"अजून आले नाहीत. आज कसे नाही आले बाई."

म्हणजे पुढेच भेटणार. नेदो तरातरा निघाला. सांतान्ना दरवाजा आला, गेला. उत्तरेचे बुरूज आले, गेले. एलिसा दरवाजाशी परत पोहोचला तेव्हा सात वाजले होते, आणि इलिओ कुठेच भेटला नव्हता.

शुक्रवारी सकाळी लोरेदाना बाजारात त्याला भेटली आणि भाजीची पिशवी खाली ठेवून हसत सुटली. "अहो, तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासाने इलिओकाका आले. उलटे! त्यांनीही दिशा बदलली होती. 'नेदो गेला का,' म्हणून विचारत होते. चेहरा एवढासा झाला त्यांचा, तुम्हीही उलटे गेलात म्हटल्यावर."

नेदोने रात्रभर नाही, पण जेवणानंतरचा झोपेचा तास विचारात घालवला. इलिओ उलटा फिरतोय. म्हणजे आपण सरळ फिरलं पाहिजे. संध्याकाळी तो गाव डाव्या हाताला ठेवून निघाला. तिकडे इलिओनेही हाच विचार केला आणि तोही सरळ निघाला. एका वर्गात, एका बाकावर, एका मास्तरांच्या छड्या खाऊन शिकलेली डोकी. निराळं काय सुचणार!

शनिवार उजाडला. शेवटचा दिवस. सहाला नेदो तटावर चढला आणि बाकावर बसला. नऊ वर्षांपूर्वीच्या त्याच बाकावर. आता चालायचंच नाही. इलिओ इकडून आला काय, तिकडून आला काय, या बाकापुढून त्याला जावंच लागेल. साडेसहा वाजले. पावणेसात झाले. चारचाकी पायगाड्यांमधून पाहुणे गेले, कुत्री गेली, कुत्र्यांची माणसं गेली. इलिओ आला नाही. नेदोला कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. तोही त्याच्या दरवाजावर बाक धरून बसला असणार.

भेट होणार नाही, हे नेदोला आता स्पष्ट दिसत होतं. उद्या सकाळी टेम्पो येईल. इलिओ डोंगरापलीकडे जाईल, आणि त्याच्या मनात नेदोचं शेवटचं वाक्य तेच राहील. नेदोने खिशातून कालची होडी काढली आणि हातात धरून बसला.

"माफ करा," कोणीतरी म्हणालं. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक पाहुणी, हातात नकाशा. मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये तिने विचारलं, "सांतान्ना दरवाजा? जवळ कसं? डावीकडून, उजवीकडून?"

"गाव डाव्या हाताला..." नेदोने सवयीने सुरुवात केली आणि थांबला. त्याने नकाशाकडे बघितलं. चाळीस वर्षं असले नकाशे त्याने पाहुण्यांना वाटले होते, पण त्यावर कधी नजर टाकली नव्हती. लुक्काच्या माणसाला लुक्काचा नकाशा कशाला? नकाशात तट गोल होता. एका कडेला एलिसा, दुसऱ्या कडेला सांतान्ना. आणि मधून, सुईत दोरा ओवावा तसा, सरळ रस्ता. इलिओ ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं रोज त्याच्याकडे चालत यायचा तो.

"डावीकडून नाही," नेदो म्हणाला. "उजवीकडूनही नाही. खाली उतरा आणि गावातून सरळ जा. बाई, सरळ जायचं! वळसे घेत बसतो तो गाढव!"

पाहुणी जरा घाबरून मागे सरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत आहे हे माणसाला कळायला कधीकधी परक्या देशातली बाई लागते. नेदो तिच्या आधी उतारावरून खाली निघाला.

शनिवारची संध्याकाळ. मोठ्या रस्त्यावर अख्खं गाव आईस्क्रीम खात फिरत होतं, मुंगीला शिरायला जागा नव्हती. पण नेदो काही पाहुणा नव्हता. सान मिकेले चर्चच्या मागे एक बोळ आहे, एका वेळी एक माणूस आणि एक मांजर जाईल एवढा. तिथून गेलं की गर्दी चुकते. नेदो बोळात शिरला, मधोमध पोहोचला, आणि थबकला.

समोरून इलिओ येत होता. त्यालाही गर्दी चुकवायची होती. पत्रं वाटण्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

दोघं दोन हातांवर उभे राहिले. बाजूला सरकायला जागा नाही. पुढे जायचं तर एकाने मागे हटायला हवं, आणि त्यासाठी कोणीतरी "जरा सरक" म्हणायला हवं, आणि म्हटलं की तो आधी बोलला. दोघांनी ओठ घट्ट मिटून घेतले. इलिओ म्हातारा झाला होता. नऊ वर्षं रोज त्याच्या होड्या बघून नेदोला वाटत होतं, तो तसाच असेल.

नेदोच्या मागे बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई येऊन थांबली. इलिओच्या मागे पिवळी छत्री उंच धरलेली गाईड आणि तिच्यामागे चौदा पाहुणे.

"अहो, चला ना!" पिशव्यावाली ओरडली. "माझ्या माशांचा बर्फ वितळतोय!"

"काय झालं? भिंत पडली का?" शेवटचा पाहुणा आपल्या भाषेत विचारत होता.

वरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती, तिने वाकून बघितलं. "अगं बाई! नेदो आणि इलिओ! समोरासमोर! मारिया, लवकर ये, गॅस बंद करून ये!"

नेदोने तोंड उघडलं. "अरे, तू होय," हे वाक्य पाच दिवस घोकून ठेवलेलं होतं, ते काही आलं नाही. आलं ते दुसरंच.

"खारट नव्हते," तो म्हणाला.

गाईडने मागे वळून पाहुण्यांना हळूच भाषांतर करून सांगितलं, "ते म्हणतात, ते खारट नव्हते." चौदाजणांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

इलिओ म्हणाला, "होते."

"नव्हते म्हणतो ना!"

"होते रे. शेवटच्या वर्षी ती दोनदोनदा मीठ घालायची. घातलंय हे विसरायची. मला वाटायचं, फक्त मलाच कळतंय. तू तर चार घे म्हटलं की आठ खायचास." त्याने नाक पुसलं. "तू बोललास तेव्हा कळलं की तुलाही कळत होतं. तरी खायचास. त्याचाच जास्त राग आला मला, का कोण जाणे."

"मग काय, तिला सांगायचं होतं?" नेदोने विचारलं.

"नाही. बरं केलंस."

वरच्या खिडकीतून नाक ओढल्याचा आवाज आला. गाईडने भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आणि तू पिसाचा नाहीस," इलिओ म्हणाला. "ते मी रागात म्हटलं."

"राहू दे. आता तूच होतोयस."

इलिओ हसला, आणि हसता हसता भिंतीला धरून जरा वाकला. तेव्हा नेदोने पहिल्यांदा त्याचा उजवा पाय बघितला.

"मंगळवारी मुद्दाम हळू चाललास ना?" त्याने विचारलं. "आणि बुधवारी?"

"मुद्दाम कसला? गुडघा. डॉक्टर म्हणतात, चालणं बंद. वर चार जिने चढायचे माझ्या घराचे, म्हणून तर पोरीकडे चाललोय."

नेदोने पुन्हा त्या पायाकडे बघितलं. दोन दिवस आपण शर्यत जिंकत होतो, ती लंगड्या माणसाशी.

"आणि गुरुवारी? उलटा फिरलास तो?"

"ते मुद्दाम," इलिओ म्हणाला. "त्या दिवसापासून दुखण्याची गोळी खाऊन चालतोय."

"मासे!" पिशव्यावाली किंचाळली. शेवटी नेदोच मागे सरला, पिशव्यावालीलाही मागे सारत, बोळाच्या तोंडापर्यंत, इलिओला खांद्याचा आधार देत. चौदा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळ दर शनिवारी असतो.

रविवारी टेम्पो आला आणि इलिओ गेला.

पुढच्या गुरुवारी सकाळी नेदो स्टेशनवर दिसला. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "डोंगरावर. ऑलिव्हचा मोहर बघायला." ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस, हातात चपलांचं खोकं आणि अंगात लग्नाला घालायचा कोट. गाडी डोंगर ओलांडून गेली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते, असं तिकीट तपासनिसाने नंतर सांगितलं.

पिसात इलिओच्या मुलीने आईच्या पद्धतीचे तोर्देल्ली केले होते. मीठ कमी होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने बारा-बारा खाल्ले. मग नेदोने खोकं उघडून टेबलावर ठेवलं. इलिओ आत बघत राहिला. मुलीने विचारलं, "हे काय?"

सहा वाजले तसे नेदोचे पाय वळवळायला लागले. दोघं नदीकाठी गेले. इलिओ बाकावर बसला. नेदोने रस्ता न्याहाळला. तट नाही, बुरूज नाही, नुसता नदीच्या कडेने जाणारा रस्ता, पार दूरच्या पुलापर्यंत.

"काय रे हे? याला शेवट आहे!" तो म्हणाला. "पुलापर्यंत गेलं की माणसाने करायचं काय?"

"परत यायचं," इलिओ म्हणाला.

कुरकुरत नेदो निघाला. पुलापर्यंत गेला, पाठ फिरवली, आणि त्याला समोर, लांबवर, बाकावर बसलेला इलिओ दिसला. नऊ वर्षं दर फेऱ्याला जो माणूस पलीकडच्या टोकाला होता, तो समोर बसून साखरेच्या कागदाची होडी करत होता. नेदो सावकाश चालू लागला, आणि चालता चालता त्याच्याकडे एकसारखा बघत राहिला. जायला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ त्याला यायला लागला.

"काय रे," इलिओने बाकावरून ओरडून विचारलं, "येताना एवढा हळू? तुझाही गुडघा गेला की काय?"

"नाही," नेदो म्हणाला. "मुद्दाम."